एकतीस सह्यांचा गोल कागद

॥ श्री ॥
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

मार्चपासून वही बंद होती. मला राग आला की मी वही उघडतो. मधले पाच महिने राग आला नाही असं नाही, झाशीच्या उन्हाळ्यात हातच चालत नव्हता. आज उघडली, कारण कालपासून डोकं तडतडतंय.

काल दुपारी चंपा मशीनवरच चक्कर येऊन पडली. आमच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल बनतात आणि तार गुंडाळण्यात चंपासारखा पक्का हात दुसरा नाही. ती काही उकाड्याने पडली नाही. सकाळपासून पाणीच प्यायली नव्हती. पाणी प्यायलं की संडासाला जावं लागतं, आणि बायकांच्या संडासाची चावी सुपरवायझरच्या खिशात असते. तो चावी देतो, नाही असं नाही, पण आधी सगळ्यांसमोर हसत विचारतो, "फिर से?" म्हणून अकरा बायका दिवसभर घसा कोरडा ठेवून राबतात. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, ही म्हण मी आजवर गमतीने वापरत आलो. यापुढे नाही वापरणार.

मी मूळचा इचलकरंजीचा. तीस वर्षांपूर्वी मोठ्या सरकारी कारखान्यात ठेकेदाराचा फिटर म्हणून इकडे आलो. ठेका संपला, पण तोवर रजनी भेटली होती, म्हणून राहिलो. आता झाशीजवळच्या बिजौलीतल्या या छोट्या कारखान्यात आहे. एकतीस कामगार, त्यांत मराठी मी एकटा. कविता करणारा तर सगळ्या बिजौलीत मी एकटाच असेन.

आमच्या संघटनेला झेंडा नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही. आम्ही तिला पंगत म्हणतो. नाव मी सुचवलं, आणि इकडच्या बोलीतही पंगत हाच शब्द असल्यामुळे ते लगेच रुजलं. दर रविवारी कारखान्यामागच्या चहाच्या टपरीपाशी ओळीने बसायचं आणि ओळीनेच बोलायचं. मालकाशी बोलायची पाळीही त्याच क्रमाने फिरते. इचलकरंजीत माझे मामा यंत्रमागावर होते. त्यांच्या पुढाऱ्याने संप विकला आणि पुढच्या वर्षी निवडणूक लढवली. मामा कपाळाला हात लावून बसलेले मी पाहिले आहेत. तेव्हापासून मी पुढारी मानत नाही, आणि देवही मानत नाही.

रजनीला हे ऐकवलं की ती हसते. तिचं माहेर इथलंच, पेशवाईत सुभेदारांबरोबर दक्षिणेतून आलेलं, त्यामुळे तिच्या लेखी मी अजून बाहेरगावचा जावई. मघाशी वही पाहून म्हणाली, "अहो, देव मानत नाही म्हणता आणि पानावर पहिली श्री?"

"ती सवय आहे. वडिलांनी पाटीवर लावलेली. हाताला देव आहे, मला नाही."

"हात कुणाचा, शेजाऱ्यांचा का?" म्हणाली आणि आत गेली.

तर आज पंगतीत ठरलं ते असं. मागच्या खेपेला बोलायची पाळी सिद्धार्थची होती. त्याने वार्निशच्या खोलीत पंखा मागितला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला त्या खोलीतच कामाला टाकलं. तिथे कॉइल वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजतात. बिचारा तेव्हापासून खोकतोय. पुढची पाळी चंपाची, पण या वेळी कुणालाच पुढे पाठवायचं नाही. कागद द्यायचा, आणि तोही असा की कुणाचं नाव पहिलं ते ब्रह्मदेवाला कळू नये. लिहिणार मी.

॥ श्री ॥
मंगळवार, १९ ऑगस्ट

कागद झाला. माझ्या सगळ्या कवितांपेक्षा मला त्याचा जास्त अभिमान आहे.

काल संध्याकाळी फुलस्केप घेऊन बसलो. नेहमीसारखी सुरुवात केली, मग मधोमध ताटली उपडी ठेवून पेन फिरवलं. आत मजकूर हिंदीत, पण ओळीने नाही. ओळी आल्या की वर-खाली आलं. म्हणून मधून सुरू करून चकलीसारखा गोल गोल लिहीत बाहेर आणला. संडासाची चावी दाराला टांगलेली राहील. वार्निशच्या खोलीत पंखा लागेल. बस, दोनच मागण्या. सह्या गोलाच्या बाहेरून चारी बाजूंनी.

आज जेवणाच्या सुट्टीत कागद फिरवत फिरवत सह्या झाल्या. एकाने उजवीकडे केली, दुसऱ्याने खाली, तिसऱ्याने कोपऱ्यात. वरच्या बाजूची थोडी जागा मात्र सगळ्यांनी सोडली. लाजत असतील. चंपाची कॉइल अर्धी होती, म्हणून ती शेवटी आली आणि उरलेल्या जागेत तिने सही केली. अंगठा नाही, सही. महिनाभर सुट्टीत मी तिला नाव गिरवायला शिकवत होतो. 'च' काढताना तिची जीभ बाहेर येते.

"भैया, सई बनी?"

"बनी."

ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. तिला माझ्या कविताही ऐकायला आवडतात. म्हणते, "हमें तो कछू समझ नईं परत, पै तुम बाँचत हो तो अच्छो लगत." तीस वर्षांत मला मिळालेली सगळ्यात प्रामाणिक समीक्षा हीच.

॥ श्री ॥
बुधवार, २० ऑगस्ट

सकाळी कागद सुपरवायझरच्या टेबलावर ठेवला. कुणी ठेवला ते इथेही लिहीत नाही. त्याने तो उचलला, उलटा धरला, आडवा धरला, मान वाकडी करून वाचत राहिला. त्याचं तोंड बघून तार गुंडाळणाऱ्या बायकांनी पदर तोंडात कोंबले. जेवणानंतर तो कागद घेऊन मालकाकडे गेला.

आता काढा म्हणावं म्होरक्या. बसा शोधत.

॥ श्री ॥
शुक्रवार, २२ ऑगस्ट

चंपाला काढलं.

सकाळी फाटकावर चौकीदाराने आडवा हात घातला. "तुमाओ नाम कट गओ, बाई." का, तर कामगारांना भडकवलं. चंपाने! जिने आयुष्यात कुणाला मोठ्याने हाक मारली नाही, तिने! तिच्या हातात डबा होता, तो ती तसाच धरून उभी राहिली. आम्ही आत होतो, हूटर झाला होता. जाळीतून तिचा हिरवा पदर दिसत होता, मग दिसेनासा झाला.

मी संतापाने नुसता जळतोय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. बरं, भडकवणाराच हवा होता तर मी होतो ना समोर. कागद माझा, अक्षर माझं, पंगतीची कल्पना माझी. पण माझ्या अंगाला कुणी हात लावला नाही. त्यांना ठाऊक आहे की या माणसाच्या हातात लेखणी आहे. उद्या हा चार ओळी लिहील आणि गावभर शोभा होईल.

हे जेवताना बोललो. आमची आभा मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "पापा, वहाँ आपकी कविता पढ़ता कौन है? आपको क्यों छोड़ दिया, ये सोचिए."

मी म्हटलं, "तुला त्यातलं काय कळतंय?"

तिने ताट उचललं. बँकेत नोकरी लागल्यापासून पोरीला प्रत्येक गोष्टीत शंका येते.

॥ श्री ॥
रविवार, २४ ऑगस्ट

आजची पंगत वाईट गेली.

चंपा आली होती. कामावरून काढलं म्हणून पंगतीतून कुणी उठवत नाही, ती तिच्या जागीच बसली. पण माझ्या डोक्यात तीन दिवस एकच किडा वळवळत होता. पुढची पाळी चंपाची आहे हे आत कुणी सांगितलं? कागद तर गोल. त्यातून काही कळणं शक्यच नाही, त्याची ग्वाही मी देतो. म्हणजे घरभेदी आहे. आणि परवापासून सिद्धार्थला दुपारनंतर वार्निशच्या खोलीतून सुट्टी मिळते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मी सरळ विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं. आडून बोलायची मला सवय नाही.

सिद्धार्थला खोकला आला तो त्याने आवरला, चहाचा ग्लास खाली ठेवला आणि उठून गेला. मग कुणीतरी सांगितलं की त्याच्या छातीचा फोटो काढलाय, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली म्हणून अर्धा दिवस भट्टीपासून दूर ठेवतात. चिठ्ठी काय, कुणीही आणतो. तरी पण चंपा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मला आवडली नाही.

॥ श्री ॥
बुधवार, २७ ऑगस्ट

आज गणपती बसले. आमच्याकडेही बसले, कारण घर रजनीचं आहे. बडा बाजारात पहाटेपासून दूर्वा-फुलांची झुंबड. तिने पाटावर तांदळाची रास घातली, जुन्या पद्धतीने. मी आरतीत टाळ वाजवला. टाळ वाजवायला देव मानावा लागत नाही.

दुपारी फोन आला. जयदीपचा. हाच आमचा मालक. त्याचे वडील नागपूरहून सरकारी कंपनीत इंजिनिअर म्हणून आले, हा इथल्याच कॉलनीत वाढला. कारखान्यात तो माझ्याशी हिंदीत बोलतो, फोनवर मराठीत.

"काका, रविवारी सकाळी आपल्या मंडळाच्या गणपतीत तुमचा सत्कार ठरवलाय. झाशीत राहून मराठीची सेवा करणारा कवी. कविता पण म्हणा दोन-चार. नाही म्हणू नका हं."

ज्या हाताने चंपाचं नाव कापलं, त्याच हाताने मला शाल पांघरायची! फोन आपटणार होतो. मग वाटलं, का म्हणून? जाऊ आणि सगळ्यांसमोर म्हणू. हिंदीत म्हटलं तर म्हणतील कामगार बरळतोय. मराठीत म्हणेन, त्याच्या आईवडिलांच्या भाषेत, त्याच्याच गणपतीसमोर. आजच बसलो लिहायला. पहिल्या दोन ओळी जमल्या:

चावी तुझ्या खिशात, कळ आमच्या पोटात,
उघड म्हणतो दार, तर हसू तुझ्या ओठात.

रविवारी बघा.

॥ श्री ॥
रविवार, ३१ ऑगस्ट, दुपार

घरी येऊन वही उघडली आणि सगळं कळल्यावरसुद्धा या हाताने वर श्री घातलीच. तिच्याकडे बघत बसलोय.

क्रमाने लिहितो.

सभागृह भरलं होतं. साठ-सत्तर मराठी माणसं, नोकरीवाले, जुन्या घराण्यातले, पैठण्या, मोदक. शाल झाली, नारळ झाला. मी उभा राहिलो आणि कविता म्हटली. पूर्ण म्हटली, आवाज चढवून, जयदीपच्या डोळ्यांत बघत. मागच्या रांगेतली मुलं मोबाइलवर चित्रण करत होती. त्यांना अर्धंही कळत नव्हतं. पुढच्यांना कळत होतं. कविता संपली. मला वाटलं, लागलं वर्मी.

मग टाळ्या. खूप टाळ्या. जयदीप स्वतः उठून आला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, "काय भाषा आहे काका. शिव्यासुद्धा ऐकत राहाव्याशा वाटतात. मुलांनी असं मराठी ऐकलंच पाहिजे."

प्रसादाच्या वेळी मी त्याला कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, "चंपाला का काढलंस?"

"काका, आज सणाचा दिवस."

"का काढलंस?"

तो द्रोणातला मोदक फोडत होता. वाईट मनाने बोलला असंही म्हणवत नाही. म्हणाला, "खरं सांगू? आमच्या सुपरवायझरला तो कागद कळेचना. दोन तास फिरवत बसला. मग माझ्याकडे आणला. मी बघतो तर वर श्री. म्हटलं, अरे, हे तर आपल्या घरचं पत्र. श्री आली म्हणजे वर कुठलं ते ठरलं. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेत श्रीच्या खाली पहिलं नाव कुणाचं? घरातल्या कर्त्या माणसाचं. आणि इथे श्रीच्या अगदी खाली, ठळक अक्षरात, चंपा."

तोच पुढे म्हणाला, "तुमचं नाव कुठेतरी उजवीकडे होतं. मी वाचून न वाचल्यासारखं केलं. एवढ्या मोठ्या शहरात आपली माणसं आहेत किती काका? आपणच आपल्याला सांभाळायचं."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. लेखणीला घाबरून नव्हे. आपला बाब्या म्हणून मला सोडलं.

पायी घरी आलो. खांद्यावर शाल तशीच होती. ती तिथेच त्याच्या अंगावर टाकून यायला हवी होती, तेही सुचलं नाही. जो कागद ब्रह्मदेवाला कळू नये म्हणून केला, त्याला मीच डोकं काढून दिलं, आणि ते कळायला आम्हा मराठी माणसांतलाच एक लागला. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. आणि मी नऊ दिवस बोंबलत होतो, चोर कोण, चोर कोण. देवाचा यात काही दोष नाही. त्याला मी बोलावलंही नव्हतं. सवयीने हाक मारली आणि तो कुणाच्या डोक्यावर येऊन बसला ते पाहिलंही नाही.

सिद्धार्थला मी सगळ्यांसमोर चोर म्हटलं. आडून बोलायची सवय नाही म्हणे.

बुधवार, ३ सप्टेंबर

सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी टपरीपाशी सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. श्रीचं, पत्रिकेचं, मोदकाचं, सगळं. सिद्धार्थची माफी मागितली. हात जोडले तेव्हा तो दुसरीकडे बघत होता. मग म्हटलं, मी आत जाऊन सांगतो की म्होरक्या मी आहे. मला काढा आणि चंपाला घ्या.

सिद्धार्थ तेव्हा बोलला. "वाह. पिछले हफ्ते हमें चोर बनाया, अब खुद नेता बनोगे? पंगत में नेता कब से होने लगा, भैया?"

तीस वर्षं मी दुसऱ्यांना जे ऐकवलं ते त्याने मला एका वाक्यात ऐकवलं.

चंपा म्हणाली, "हमें तो पतो हतो. ऊपर भगवान को नाम हतो, सो सबने उतै जघा छोड़ दई ती. हमने सोची, जघा खाली काय रए, हम लिख देत."

"मग आधी का नाही सांगितलंस?" घाईत मी मराठीतच विचारलं. तिला कळलं.

"तुम इत्ते गुस्सा में हते. औ हमने अपनो नाम खुसी से लिखो तो, भैया."

म्हणजे देवाच्या नावाखाली रिकामी राहिलेली जागा सगळ्यात शेवटी जिने भरली तिला पहिली धरलं. हे जयदीपला सांगितलं असतं तर त्यालाही हसू आलं असतं. मला अजून येत नाही.

हूटर झाला. कुणी आत गेलं नाही. कुणी ठरवलंही नाही. आम्ही फाटकासमोर पंगतीच्या क्रमाने जमिनीवर बसलो, चंपा तिच्या जागी. सोमवार गेला. दमट हवेने अंग चिकचिकत होतं आणि माश्या बसू देत नव्हत्या. काल दुपारी जयदीप स्वतः बाहेर आला. कॉइल अडल्या होत्या, फोनवर फोन येत होते.

"बात कौन करेगा?" त्याने विचारलं.

"जिसकी बारी है," सिद्धार्थ म्हणाला.

"किसकी बारी है?"

सगळ्यांनी चंपाकडे पाहिलं.

"वो तो यहाँ काम नहीं करती."

"तो फिर बारी रुकी रहेगी."

जयदीपने ओळीवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून थांबवली. आवाज खाली घेतला. "काका, तुम्ही तरी समजवा यांना. आपण दोघं आत बसू, चहा घेऊ, मार्ग काढू. आपल्यात काय एवढं?"

किती गोड मराठी. तीस वर्षं या गावात मी त्याच आवाजासाठी आसुसलेलो असतो. टेम्पोत, बाजारात, कुणी दोन शब्द मराठीत बोललं की मान वळते माझी. मी त्याला मोठ्याने, सगळ्यांना कळेल असं हिंदीत उत्तर दिलं. "मेरी बारी नहीं है, जयदीप जी."

तो आत गेला. आम्ही बसलो.

आज सकाळी दहा वाजता चौकीदाराने फाटक उघडलं आणि चंपाला आत बोलावलं, कारण बोलायचं तर तिच्याशीच बोलावं लागत होतं. पंगतीचा नियम, पाळी असलेल्याबरोबर दोघं साक्षीला जातात. तिने सिद्धार्थला घेतलं आणि मला घेतलं. मला का, ते मी विचारलं नाही.

जयदीपने खुर्ची दाखवली. ती बसली नाही. म्हणाली, "पैलें चाबी."

"वो बाद में देखेंगे, पहले बैठो."

"नईं साब. तीन दिना से बाहर बैठे हैं. पैलें चाबी."

सुपरवायझरने खिशात हात घातला. चावी टेबलावर ठेवली. 'फिर से?' म्हणाला नाही. चंपा चावी घेऊन गेली आणि तिने पूर्ण वेळ घेतला. मालक, सुपरवायझर आणि आम्ही दोघं तिची वाट बघत उभे. ती हात धुऊन पदराला पुसत आली. तिच्या हातात चावी नव्हती. "दरवाजे पै कील हती," म्हणाली, "उतई टाँग दई." मग खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "अब बोलो."

तिचं नाव पुन्हा लागलं. पंखा महिन्याभरात बसेल म्हणाले, बसेल तेव्हा खरं. दुपारी अकराच्या अकरा बायका पाण्याच्या माठापाशी उभ्या होत्या आणि ग्लास भरभरून पीत होत्या. सिद्धार्थ अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बरोबर आहे त्याचं.

संध्याकाळी वही घेऊन बसलो. रजनी चहा ठेवायला आली आणि तिने वाकून पानाकडे बघितलं.

"अहो, वर काही लिहायचं राहिलं का तुमचं?"

"नाही," मी म्हटलं, "इथूनच सुरू होतं."